दगडातली जास्तीची रेघ

मुरुडहून मला पाहायला आलेल्या मंडळींनी विचारलं, "मुलगी काय करते?" वडील म्हणाले, "नागावला एका सरांकडे जाते. कोळ्यांची चित्रं काढते." माझे होणारे सासरे खूश झाले. त्यांना वाटलं, होडीवरच्या, जाळी सांधणाऱ्या कोळ्यांची. "आमच्याकडे ये, हवे तेवढे कोळी दाखवतो," म्हणाले. आई आतून पुटपुटली, "हिचा कोळी दगडातला हाय. आन तो मेलेला हाय."

आईचं बरोबर होतं. तो तीस कोटी वर्षांपूर्वी मेला होता. तिची फक्त एक चूक होत होती, आणि ती चूक सरांनी माझ्याकडून इतक्यांदा सुधारून घेतली होती, की हातात चहाचा ट्रे असतानाही मी बोलून गेले, "कोळी नव्हे तो. कोळ्यासारखा." पाहुणे हसले आणि लग्न जमलं.

सर मुंबईत एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. नागावला त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती. मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा ते नुकतेच निवृत्त होऊन तिथे कायमचे राहायला आले होते. काकू मात्र त्याआधीची बारा वर्षं तिथे एकट्याच राहत होत्या. त्याचं कारण मला सरांनी सांगितलं नाही, वाडीत नारळ पाडायला येणाऱ्या माणसाने सांगितलं. त्यांना एक मुलगी होती. अकरा वर्षांची असताना मे महिन्याच्या सुटीत मुंबईहून वाडीत आली होती. दुपारी खेळताना तिचा चेंडू विहिरीमागच्या झावळ्यांच्या ढिगात गेला, तो काढायला तिने हात घातला आणि फुरसं चावलं. अलिबागला नेलं, तिथून मुंबईला नेलं. तीन दिवस जगली. त्यानंतर काकू मुंबईच्या घरी परत गेल्याच नाहीत. सर शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. बारा वर्षं असंच चाललं.

मी खाडीकाठच्या खारेपाटातली, भातशेतीवाल्या घरातली. चित्रकलेची पदविका घेतली होती आणि अलिबागला एका पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानात अक्षरं काढत होते. सर तिथे कसली तरी पाटी करून घ्यायला आले आणि माझा हात बघत उभे राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला मुंगी काढता येईल?" मी म्हटलं, "येईल की." त्यांनी विचारलं, "पाय किती?" मी जरा थांबून म्हटलं, "चार?" ते हसले नाहीत. "मोजून या. मग काढा." दुसऱ्या दिवशी मी सहा पायांची मुंगी घेऊन गेले. पाय कुठून फुटतात तेही काढलं होतं. सरांनी मला ठेवून घेतलं.

आधी दोन वर्षं मी त्यांच्यासाठी वाडीतले जिवंत कोळी काढले, विंचू काढले, एकदा समुद्रावर वाहून आलेला खेकडाही काढला. त्या दोन वर्षांत कधीतरी त्यांनी मला 'अहो-जाहो' करणं सोडलं. नेमका दिवस आठवत नाही. एकदा काकूंना हाक मारून म्हणाले, "अगं, हिला कोकमाचं सरबत दे, उन्हातून आली आहे," आणि त्यानंतर मी 'तू' झाले.

मग तो दगड आला. त्यांच्या कॉलेजच्या संग्रहालयात इंग्रजांच्या काळात विकत घेतलेल्या दगडांचा एक लाकडी खण होता. कोळशाच्या खाणींतून निघालेले, लोखंडी रंगाचे, सुपारीएवढे ते लिंबाएवढे गोळे. असा गोळा फोडला की कधी आत पान निघतं, कधी शिंपला. एका अर्ध्या गोळ्याच्या चिठ्ठीवर 'बी?' असं लिहिलेलं होतं. सरांनी तो भिंगाखाली धरला, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना बसायला स्टूल शोधावं लागलं. ते बी नव्हतं. त्याला पाय होते.

ट्रायगोनोटार्बिड हे त्या प्राण्याच्या गणाचं नाव. ते जिभेवर बसायला मला आठवडा लागला. सरांनी त्याचं शरीर मला समजावलं ते वाडीत, जमिनीवर काडीने रेघा ओढून. आठ पाय. पुढचा भाग म्हणजे डोकं आणि छाती एकत्र, वर एकच कवच. तोंडाशी दोन नख्या, खिशातला चाकू मिटतो तशा मिटणाऱ्या. इथपर्यंत अगदी कोळीच. पण कोळ्याच्या पोटाच्या टोकाशी सूत काढणारे अवयव असतात, ते याला नाहीत. याने कधी जाळं विणलं नाही, पालापाचोळ्यात चालत शिकार केली. आणि आपल्या ओळखीच्या कोळ्याचं पोट म्हणजे मऊ पिशवी, याच्या पोटावर मात्र चिलखत. एकामागे एक आडवे पट्टे, कौलं बसवावीत तसे. पहिला पट्टा पुढच्या कवचाखाली सरकून अडकायचा. "कडी-कोयंडा," सर म्हणाले. "धोका आला की घट्ट लावून बसत असेल."

मी विचारलं, "मग आज याचं कुणीच नाही?"

"चुलत आहेत. कोळी, विंचू, सगळे चुलत. सख्खं कुणी उरलं नाही."

प्रत्येक आडवा पट्टा उभ्या रेघांनी तुकड्यांत विभागलेला असतो, आणि या प्राण्याचं कुळ ठरवताना ते तुकडे मोजतात. बहुतेकांना तीन. एका कुळाला पाच. सगळं तिथेच अडलं. आमच्या दगडात प्राण्याची उजवी बाजू गोळा फुटतानाच गेली होती आणि दगडाचा दुसरा अर्धा भाग कुणी तरी कधीच हरवला होता. राहिली होती डावी बाजू. तिच्यावर एक उभी रेघ ठळक होती. तिच्या बाहेर, पोटाच्या कडेजवळ, आणखी एक रेघ होती, केसाएवढी. ती खरी धरली तर डावीकडे दोन रेघा, म्हणून उजवीकडेही दोन असणार, म्हणजे एकूण तुकडे पाच. ती खरी नसेल तर तीन.

पाच तुकड्यांच्या कुळातल्या प्राण्यांचं पुढचं कवच चौकोनी असतं. आमच्या प्राण्याचं निमुळतं, त्रिकोणी होतं. म्हणजे तुकडे पाच असतील तर हा जगात कुणीच न पाहिलेला प्राणी. तीन असतील तर शंभर वर्षांपूर्वीच कुणी तरी नाव देऊन ठेवलेला, साधा.

चित्र काढायला मला तीन महिने लागले. सूक्ष्मदर्शकाला एक आरसा जोडलेला असायचा. त्यातून बघितलं की दगड आणि माझ्या पेन्सिलीचं टोक एकत्र दिसायचं. हात कागदावर असायचा आणि पेन्सिल जणू प्राण्याच्या पाठीवरून फिरायची. अंगठ्याच्या नखाएवढा तो जीव मी वहीच्या पानाएवढा काढला. सर रोज येऊन बघायचे, खुर्ची ओढून बसायचे, मोजायचे. एक दिवस म्हणाले, "पाच आहेत. काय वाटतं?" मी म्हटलं, "दिसतात तर पाच." ते उठून ओटीवर गेले, तिथे बराच वेळ उभे राहिले, परत आले आणि म्हणाले, "मग याला तिचं नाव देऊ या."

त्या घरात मुलीचं नाव घेतलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. सरांनी ते कागदावर लिहिलं, मागे लॅटिनचं शेपूट जोडलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "खाली हे लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चित्राची शेवटची तपासणी करत होते. सर पोस्टात गेले होते. रोज मी दिवा उजवीकडून धरायचे, त्या दिवशी वायर पुरली नाही म्हणून डावीकडून, अगदी खाली धरला. ती बाहेरची बारीक रेघ पोटाच्या कडेशी संपत नव्हती. कड ओलांडून ती पुढे कोऱ्या दगडात गेली होती. फार नाही, चित्राच्या मापाने नखभर.

प्राण्याच्या पाठीवरची रेघ प्राण्याबरोबर संपायला हवी. दगडात पुढे जाते ती रेघ दगडाची असते. हे मला त्या वेळीही कळत होतं. मी दिवा परत उजवीकडे नेला. पुढची रेघ दिसेनाशी झाली. मी मनाशी म्हटलं, दगड साफ करताना सरांची सुई घसरली असेल, तिचा ओरखडा असेल. आणि आमचा नियमच होता, फक्त प्राणी काढायचा, दगड नाही. मी शाई भरली. पोटाच्या कडेशी रेघ थांबवली. सर पोस्टातून आले तेव्हा मी नाव लिहीत होते.

सरांचा शोधनिबंध, त्यांच्या भाषेत पेपर, छापून आला त्या दिवशी काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. "कुठे लिहिलंय?" म्हणाल्या. सरांनी बोट ठेवलं. काकूंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. पुढच्या आठवड्यात माझं चित्र काचेच्या चौकटीत बसून माजघराच्या भिंतीवर लागलं, खाली ते नाव.

माझं लग्न झालं. मुरुडला एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले. सासरी, शाळेत, मुलांच्या आजारपणात वर्षं गेली, पण महिन्यातून एकदा तरी रविवारी अलिबागच्या एसटीने नागावला उतरायचे. आसपासच्या वाड्यांत हळूहळू होम-स्टे झाले. शनिवार-रविवारी समुद्रावरून वॉटर-स्कूटरींचा आवाज यायचा आणि सर वैतागून खिडकी लावायचे. मग त्यांची नजर गेली. सगळी नाही, मधला भाग. कडेचं दिसायचं. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघायचे. वाचता येणं बंद झालं, तेव्हा त्यांचे ईमेल मी वाचून दाखवायला लागले, आणि महिन्यातून एकदाचं जाणं दर रविवारचं झालं.

दीडेक वर्षापूर्वी परदेशातल्या एका संशोधक मुलीचं पत्र आलं. ती याच प्राण्यांवर काम करत होती. आता दगड न फोडता त्याच्या आतलं बघता येतं, दवाखान्यात माणसाचा स्कॅन करतात तसा दगडाचा करतात. आमचा दगड मिळेल का, असं तिने विचारलं होतं. सर इतके खूश झाले की त्यांनी मला ते पत्र दोनदा वाचायला लावलं. "म्हणजे खालची बाजू दिसेल! आपण फक्त पाठ पाहिली आहे. पाय कसे आहेत, फुप्फुसं कशी आहेत..." कॉलेजकडून परवानगी मिळवायला त्यांनी स्वतः फोन केले. दगड गेला. त्या दुपारच्या नखभर रेघेबद्दल मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही.

उत्तर आलं ते एका रविवारी सकाळी, मी समोर असतानाच. सर आरामखुर्चीत होते, काकू मागीलदारी. मी लॅपटॉप उघडला. आधी चित्रं होती. राखाडी रंगात, जणू कुणी प्राणी दगडातून उचलून हातात धरला आहे. तीन महिने मी ज्याच्या पाठीवरून पेन्सिल फिरवली, त्याचं पोट मी पहिल्यांदा पाहिलं. आठही पाय आत दुमडलेले. नख्या मिटलेल्या. उजवी बाजू, जी आम्हाला कधी दिसलीच नव्हती, तिचाही थोडा भाग आत दगडात शिल्लक होता. त्यावर एकच उभी रेघ.

मग एक चित्र दगडाच्या आडव्या कापाचं. डावीकडची ती बारीक रेघ प्राण्याच्या पाठीतून, पोटातून, खालच्या दगडातून आरपार गेली होती. एक तडा. नंतर कधीतरी पडलेला, पांढऱ्या खनिजाने भरलेला.

खाली मजकूर होता. अतिशय सभ्य भाषेत. तुकडे तीन आहेत. म्हणून हा प्राणी आधीच नाव दिलेल्या त्या दुसऱ्या प्राण्याहून वेगळा नाही. नियमाप्रमाणे जुनं नाव राहील, नवं बाद होईल. छापायच्या आधी सरांचं म्हणणं ऐकायला आवडेल.

"काय लिहिलंय?" सर माझ्या कानाकडे बघत म्हणाले.

मी म्हटलं, "चित्रं उघडत नाहीयेत, सर. रेंज नाही. घरी जाऊन बघते."

तो आठवडा मी कसा काढला ते सांगत नाही. शाळेत मुलांना फळं काढायला दिली आणि खिडकीशी उभी राहिले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "चूक मशीनने शोधली. तू आता कशाला बोलतेस? पत्र वाचून दाखव आणि गप्प बस. तुला बावीस वर्षांपूर्वी काय दिसलं ते कोण विचारणार आहे?" त्याचं म्हणणं खरं होतं. कुणीच विचारणार नव्हतं.

रविवारी मी पत्र वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चित्रांत काय आहे ते सांगितलं. सर मधे मधे विचारत होते, "तडा खालच्या दगडातही आहे? नक्की?" "आहे, सर." "उजवीकडे एकच रेघ?" "एकच." त्यांनी मान हलवली. चेहरा उतरला होता, पण आवाज वर्गातला होता. "मग प्रश्नच नाही. तीनच."

"सर," मी म्हटलं, "ती रेघ बाहेर जाते हे मी तेव्हा पाहिलं होतं."

त्यांना कळलं नाही.

"चित्र पूर्ण करताना. दिवा डावीकडून धरला तेव्हा. कडेच्या बाहेर नखभर दिसली होती. मी काढली नाही."

मागीलदारी काकू भांडी घासत होत्या, तो आवाज येत राहिला. मग सर म्हणाले, "मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही आदल्या दिवशी नाव ठरवलं होतं."

ते खुर्चीतून उठले, चाचपडत खिडकीपर्यंत गेले. पाठमोरे राहूनच बोलले. "आज तुम्ही जा. हिला काही सांगू नका. मी सांगेन."

मला ते 'तुम्ही' म्हणाले. वीसेक वर्षांत त्यांनी मला असं म्हटलं नव्हतं. काकूंनी पानात वाढायला घेतलं होतं, मी डोकं दुखतंय सांगून निघाले. थांब्यावर बस येईपर्यंत पर्यटकांच्या गाड्या मोजत उभी राहिले.

तीन रविवार फोन आला नाही. मीही केला नाही. चौथ्या आठवड्यात काकूंचा आला, "हे बोलावतायत. पत्र लिहायचंय म्हणे."

मी गेले. सर खुर्चीतच होते, दाढी वाढलेली. नमस्कार केला तर म्हणाले, "बसा. लिहून घ्या." त्यांनी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, मी टाइप करत गेले. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. तुकडे तीन आहेत. जुनं नाव राहायला हवं. मग त्यांनी सांगितलं, "चित्र माझ्या देखरेखीखाली काढलं गेलं, मी ते तपासलं, आणि रेघेचा अर्थ लावण्यातली चूक संपूर्णपणे माझी आहे."

माझे हात थांबले.

"लिहा."

"सर, हे खरं नाही."

"दगड माझ्या टेबलावर होता. फिरवून बघायला कुणी अडवलं होतं मला? दिवा डावीकडून धरायला? रोज येऊन बसायचो आणि एकाच बाजूने बघायचो. मला पाच हवे होते." ते थांबले. "तुम्ही जे केलंत ते तुम्ही मला सांगितलंत. ते पत्रात कळवायची गरज नाही. लिहा."

मी लिहिलं. पाठवायच्या आधी स्वतःचं एक वाक्य त्यात घालावं असं फार वाटलं. त्यांना दिसलं नसतं. पण पुन्हा त्यांच्यामागे काही करायचं धाडस झालं नाही. जसं सांगितलं तसंच पाठवलं.

त्यानंतर मी परत रविवारी जायला लागले. ते पत्रं ऐकायचे, उत्तरं सांगायचे, वाडीतल्या नव्या रोपांबद्दल बोलायचे. सगळं पूर्वीसारखं होतं, फक्त मी 'तुम्ही' राहिले. काकूंच्या ते लक्षात आलं असणार. एकदा माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघून आत निघून गेल्या. मी सरांना दोनदा विचारलं, "काकूंना सांगितलंत?" दोन्ही वेळा म्हणाले, "सांगतो."

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मला शाळेत फोन आला. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि काकू माजघरात, त्या चौकटीखालीच, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. मी रडले, त्या नाही.

त्या संशोधक मुलीचा पेपर माघात छापून आला. सरांचे आभार मानले होते, नावामागे 'कैलासवासी' या अर्थाचा इंग्रजी शब्द घालून. तो पेपर मोबाइलमध्ये घेऊन मी नागावला गेले. मनाशी ठरवलं होतं की काकूंनी विचारलं तरच सांगायचं. काकू ओटीवर चिंचा फोडत होत्या. मी बसले न बसले तोच म्हणाल्या, "तो दगड पाठवला होता, त्याचं काही आलं का गो? हे जायच्या आधी कित्येक महिने काहीतरी मनात धरून होते. मला सांगायला यायचे आणि सुपारीचे भाव सांगून जायचे."

मी सांगितलं. रेघ, तडा, तीन तुकडे. मी काय पाहिलं होतं आणि काय काढलं नव्हतं, तेही. काकूंचे हात चिंचांतून फिरत होते. मधेच थांबले.

"म्हणजे तिचं नाव काढून टाकलं."

"काढत नाहीत, काकू. यादीत राहतं. पण वर जुनं नाव असतं आणि हे त्याच्या खाली."

"खाली म्हणजे?"

मला दुसरा शब्द सुचला नाही. "चालत नाही असं."

"माझ्या पोरीचं नाव चालत नाही." त्यांनी ते अगदी हळू म्हटलं, जणू पाठ करून बघत होत्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "तू तेव्हाच बोलली असतीस तर?"

"तर नाव दिलंच नसतं."

"तेच बरं झालं असतं. मला सवय झाली होती गो. बारा वर्षांत ती नाही याची सवय करून घेतली होती मी. तुम्ही दोघांनी ते नाव आणून भिंतीवर लावलंत. रोज येता-जाता. मी यांना काही म्हटलं नाही, त्यांना बरं वाटत होतं म्हणून." चिंचेचे हात त्यांनी पदराला पुसले. "आणि दिलंत ते कशाला, तर कोळ्याला. ती कोळ्यांना किती घाबरायची! मोरीत दिसला की माझ्या नावाने बोंब. झाडू घेऊन मी जायची. यांच्यासमोर मात्र धिटाई. बाबा काय म्हणतील म्हणून."

कोळ्याला नव्हे, कोळ्यासारख्याला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं. काकू हसत होत्या, आणि हसता हसता त्यांचं तोंड वाकडं झालं, आणि मग त्या रडल्या. सर गेले तेव्हा न रडलेलं सगळं.

मी त्यांची माफी मागितली. त्या चिंचोके गोळा करायला लागल्या. निघताना म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येशील ना? आता वाचायला काही नाही, तरी ये."

मी जाते. सरांनी मला माफ केलं होतं का, हे मला माहीत नाही. काकूंनी केलं आहे का, तेही नाही. आम्ही त्याबद्दल बोलत नाही. काकू तिच्याबद्दल बोलतात, दर वेळी एखादी गोष्ट. तिला भेंडी आवडायची नाही. ती झोपेत इंग्रजी कविता म्हणायची. गणितात कच्ची होती आणि प्रगतिपुस्तकावर बाबांऐवजी आईची सही घ्यायची.

गेल्या रविवारी आम्ही मागीलदारी बसलो होतो. बोलता बोलता काकू म्हणाल्या, "त्या दुपारी ती समुद्रावर जायचं म्हणत होती. शेजारच्या मुली चालल्या होत्या. मी नको म्हटलं. पाण्याची भीती वाटली मला. म्हटलं, कुठे जायचं नाही, इथे वाडीतच खेळ." मग म्हणाल्या, "हे मी यांनाही सांगितलं नव्हतं."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. रस्त्यावरून माझी मुरुडची बस गेल्याचा आवाज आला. पुढची सव्वा तासाने होती.